सोनं आणि कॅनची रिंग, मशीनला दोन्ही सारखंच

आधीच सांगून टाकतो, सोनं सापडलेलं नाहीये. ज्याला ज्याला कळतं की मी मेटल डिटेक्टिंग, म्हणजे मशीन फिरवून जमिनीतला धातू शोधायचा छंद, सुरू केलंय त्याचा पहिला प्रश्न तोच असतो, आणि साताऱ्याच्या दादाचा तर रविवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर ठरलेला मेसेज, "घावलं का काय?" बाकी तब्येत, पोरं, पाऊस काही नाही, एवढंच.

आईचं आणखी वेगळं. तिच्या माहेरी कोणाच्या तरी परसात हंडा पुरलेला होता, अमावस्येला घुंगरं वाजायची, वर नाग बसलेला, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. तिला व्हिडिओ कॉलवर मशीन दाखवलं तर म्हणाली आधी नारळ फोड, आणि काही निघालंच तर लगेच हात लावू नको, गुरुजींना विचार. मी म्हटलं आई इथे गुरुजींना नाही, कॉरोनरला विचारावं लागतं. खरंच आहे हे. इंग्लंडमध्ये संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा जो अधिकारी असतो ना, जमिनीतून खजिना निघाला तर तो खजिना आहे की नाही हे पण तोच ठरवतो. आई गप्प झाली, मग म्हणाली नकोच ते मशीन.

तर मी राहतो मिल्टन कीन्सला, आयटीत, म्हणजे इथले निम्मे मराठी करतात तेच. हाफ टर्मच्या सुट्टीत पोरीला घेऊन एल्सबरीच्या म्युझियममध्ये गेलो होतो, तिला डायनॉसॉर बघायचे होते, आणि तिथे मला लेनबरोचा खजिना दिसला. 2014 च्या डिसेंबरमध्ये, नाताळच्या चार दिवस आधी, बकिंगहॅमजवळच्या एका शेतात क्लबचं डिटेक्टिंग चालू होतं आणि एका माणसाला शिशाच्या पत्र्यात गुंडाळलेली चांदीची नाणी लागली, पाच हजारांच्या वर, हजार वर्षांपूर्वीच्या एथेलरेड आणि कनूट राजांची, आणि इतकी कोरी की काल पाडल्यासारखी. किंमत लागली साडेतेरा लाख पौंड. माझ्या घरापासून गाडीने अर्धा तास पण नाही ते ठिकाण. पोरगी पुढे निघून गेली आणि मी तिथेच उभा.

मग रात्री जागून वाचत बसलो. 1992 ला सफोकमध्ये हॉक्सनला एक माणूस मित्राचा शेतात हरवलेला हातोडा शोधायला डिटेक्टर घेऊन गेला आणि त्याला रोमन काळातली जवळजवळ पंधरा हजार नाणी आणि सोन्याचे दागिने मिळाले, हातोडा पण मिळाला, तो हातोडा आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. 2009 ला स्टॅफर्डशायरमध्ये एकाला अँग्लो सॅक्सन सोनं, किलोंनी, 32 लाख 85 हजार पौंड, शेतकरी आणि तो अर्धे अर्धे. हे असलं वाचल्यावर माणसाचं डोकं ठिकाणावर राहतं का सांगा. तुर्की कंपनीचं नोक्टा सिम्प्लेक्स सेकंडहँड घेतलं, वर एक पिनपॉइंटर (खड्ड्यात धातूची नेमकी जागा दाखवणारी हातातली कांडी), हेडफोन, फावडं. बायको म्हणाली यात माझी नाकातली चमकी तरी आली असती, निदान दिसली तरी असती.

यूट्यूबवर सगळे सांगतात आधी घरच्या बागेत प्रॅक्टिस करा, वेगवेगळ्या वस्तू पुरा आणि आवाज ओळखायला शिका. मी जुनं चांदीचं नाणं, दोन पेन्स, खिळा, कोकच्या कॅनची रिंग असं सगळं मांडलं आणि बायकोची एक पातळ अंगठी हातापाया पडून मागून घेतली, पुरली नाही, नुसती गवतावर ठेवली, ती शेजारी कंबरेवर हात ठेवून उभी. खिळ्यावरून कॉइल, म्हणजे मशीनची खालची तबकडी, फिरवली, घर्र. चांदीवर टिंग, स्क्रीनवर मोठा नंबर. आणि मग अंगठी. आणि मग कॅनची रिंग. सेम. म्हणजे जवळजवळ तोच नंबर, तोच आवाज. परत फिरवली, परत तेच. बायको म्हणाली, म्हणजे या मशीनला माझी अंगठी आणि कोकचा कचरा एकच का?

एकच. आणि ही खराबी नाही, सगळ्या मशीनचं हेच आहे, हजार पौंडाचं घ्या नाहीतर दोनशेचं. कॉइलमधून करंट जातो, त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं, खाली धातू असला की त्यात बारीक बारीक प्रवाह फिरायला लागतात, ते दुसरी कॉइल पकडते आणि तो सिग्नल किती मागे रेंगाळला यावरून मशीन अंदाज लावतं की धातू किती चांगला वाहक आहे. चांदी, तांबं वरच्या नंबरला, लोखंड एकदम खाली. पण त्यात वस्तूचा आकार आणि जाडी पण मिसळते, त्यामुळे छोट्या सोन्याच्या वस्तू मधल्या पट्ट्यात येतात, आणि त्याच पट्ट्यात येतात चॉकलेटची फॉइल, कॅनच्या रिंगा, शिशाचे तुकडे, बंदुकीच्या काडतुसांची पितळी बुडं. मशीनमध्ये सेटिंग असतं, ठराविक नंबर बंद करून टाकायचे, मग ते वाजतच नाहीत. पण रिंगा बंद केल्या की त्यांच्याबरोबर सोनं पण बंद. म्हणजे सोनं हवं असेल तर रिंगा खणायच्या. सगळ्या. मला हे त्या दिवशी समजलं होतं, पण अंगवळणी पडायला एक अख्खा हिवाळा गेला.

पुढचं दुखणं परवानगीचं. मला आपलं वाटत होतं की एवढी मोकळी हिरवळ आहे, पार्क आहेत, जाऊन सुरू करायचं. नाही. इथे प्रत्येक इंचाला मालक आहे, पार्कला पण, आणि मालकाच्या परवानगीशिवाय मशीन चालवणं बेकायदा. त्यात जी जागा सरकारने संरक्षित पुरातन स्थळ म्हणून नोंदवलेली आहे तिथे मालक हो म्हणाला तरी चालत नाही, 1979 चा कायदा आहे, सरकारी संमतीशिवाय मशीन घेऊन फिरलात तरी गुन्हा. आमच्या इथला ए5 रस्ता म्हणजे मूळचा रोमन रस्ता, वॉटलिंग स्ट्रीट, आणि फेनी स्ट्रॅटफर्डजवळ त्यावर मॅजिओव्हिनियम नावाचं रोमन गाव होतं. मी मॅप बघून एवढा खुश झालो, आणि तो मॅप जरा झूम केला तर ते गाव संरक्षित. बँक्रॉफ्टला रोमन व्हिला, तो तर बघायला पार्कातच आहे, पण मशीन नाही. जिथे जिथे काही असण्याची खात्री आहे तिथे तिथे जायचं नाही, आणि जिथे जायची मुभा आहे तिथे काही असेल याची खात्री नाही, असा हा छंद आहे.

मग शेतकऱ्यांना पत्रं लिहिली, हाताने, फोटो लावून. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं सभासदत्व घेतलं, त्यात इन्शुरन्स मिळतो, म्हणजे उद्या खड्ड्यात कोणाच्या गाईचा पाय मोडला तर, आणि त्याची कॉपी पण जोडली. एकाचंही उत्तर नाही. फार्म शॉपमध्ये जाऊन अंडी घेता घेता विषय काढायचा प्रयत्न केला, आमच्याकडे सहा सहा अंड्यांचे ट्रे साठले पण परवानगी नाही. एक म्हातारा शेतकरी सरळ म्हणाला, तुमच्यासारखे रात्रीचे येतात. पहिल्यांदा मला वाटलं तुमच्यासारखे म्हणजे ब्राऊन, माझा चेहराच पडला, पण त्याचं म्हणणं होतं मशीनवाले. रात्री टॉर्च लावून चोरून शेतं खणणारी टोळकी असतात, पिकाची वाट लावतात, खड्डे तसेच ठेवतात, त्यांच्यामुळे सगळ्यांवर संशय. त्याचं काय चुकलं म्हणा, आमच्या गावी रात्री कोणी उसात शिरलं तर दादा काय करेल.

शेवटी परवानगी मिळाली ती पोरीमुळे. तिच्या वर्गातल्या मैत्रिणीचे आजोबा निघाले शेतकरी, बकिंगहॅमच्या बाजूला, वाढदिवसाच्या पार्टीत भेटले. मी काही बोलायच्या आत पोरगीच म्हणाली माझे बाबा रविवारी खजिना शोधतात पण त्यांच्याकडे शेत नाहीये. आजोबा इतके हसले. म्हणाले कापणी झाली की ये, फाटकं लावत जा, मेंढ्या असतील त्या बाजूला जायचं नाही, आणि जे लोखंड काढशील ते घेऊन जा, मागे टाकू नको. कागदावर लिहून घेतलं, जे काही मौल्यवान निघेल ते अर्धं अर्धं. सही करताना ते परत हसले.

गहू निघाला, ऑगस्टअखेर, आणि मी पहाटे पहाटे शेतात. लेनबरोच्या इतकं जवळ. कापलेल्या गव्हाच्या खुंटांवरून कॉइल झाडू मारल्यासारखी जमिनीलगत फिरवायची, हळू, एक पाऊल, परत. पहिला सिग्नल आला तेव्हा छातीत धडधडायला लागलं हे मी कबूल करतो, गुडघ्यावर बसून फावड्याने गोल ढेकूळ काढलं, पिनपॉइंटर लावला, टरर्र, हातात आलं काडतुसाचं बूड. इथे फेजंट आणि कबुतरं मारायचा शौक, काडतुसाचा कागद नाहीतर प्लास्टिक जातं कुजून फुटून, पितळी बूड शेतात. दुसरा सिग्नल, बूड. तिसरा, कॅनचा तुकडा, बहुतेक ट्रॅक्टरवाल्याने फेकलेल्या कॅनवरून कापणी यंत्र गेलेलं, त्याचे चिंधडे उडाले की प्रत्येक चिंधडी वेगळी वाजते. मग ट्रॅक्टरचा नट. मग काहीच नाही, खड्डा मोठा होत चाललाय, आवाज येतोय, आणि शेवटी कळलं की ते जळका दगडी कोळसा आहे, कोक, तो पण वाजतो. हे कोणी सांगितलं नव्हतं.

आणि माती. बकिंगहॅमशायरची चिकणमाती ज्याने तुडवली नाही त्याला मी काय सांगणार. पाऊस पडून गेला की एकेक बूट दोन दोन किलोचा होतो, आणि नाणं एवढ्या चिखलाच्या गोळ्यात असतं की गोळा फोडून फोडून बघावा लागतो. उन्हाळ्यात तीच माती अशी कडक की फावडं उडी मारून परत येतं. कंबर माझी आधीच खुर्चीवर बसून बसून गेलेली.

पण बटणं सापडायला लागली. भरपूर. सपाट, पितळेची, शिसं मिसळलेली, कधी मागे तुटकी कडी. मला कळेना या शेतात एवढे लोक कपडे काढून काय करत होते. मग डिटेक्टिंगच्या क्लबमधल्या एकाने सांगितलं की जुन्या काळी शहरातला कचरा, संडासातली घाण, आणि लोकरीच्या चिंध्या पण, खत म्हणून गाडीने शेतात आणून टाकायचे, चिंध्या कुजल्या, बटणं राहिली. आपल्याकडे उकिरड्याचं खत शेतात टाकतात तेच. हे ऐकल्यापासून मला बटण सापडलं की उलट बरं वाटायला लागलं, कारण बटण आलंय म्हणजे खत आलंय आणि खताबरोबर कोणाच्या तरी खिशातून पडलेलं पण काही आलं असणार.

आलं पण. तिसऱ्या जॉर्जचं तांब्याचं नाणं, एवढं झिजलेलं की राजाचं नाक फक्त अंदाजाने. पुढे एक मोठं, जाड, रुंद काठाचं, 1797 चा पेनी, त्याला कार्टव्हील म्हणतात, वजन बरोबर एक औंस, बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टनने वाफेच्या यंत्रावर पाडलेला. आणि गंमत म्हणजे याच बोल्टनच्या टांकसाळीत ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुंबई इलाख्यासाठी पण तांब्याचे पैसे पाडून घेतले होते, 1791 आणि 1794 चे, एका बाजूला तराजू असलेले. हे मी दादाला सांगितलं तर म्हणाला, मग आपल्याकडंच शोध की, विमानाचं तिकीट काढून तिकडं कशाला गेलास.

क्लबचे डिग असतात रविवारी, त्यांना मोठमोठ्या शेतांची परवानगी असते, पैसे भरून जायचं. सकाळी फाटकाशी तीस-चाळीस जण, बहुतेक साठीच्या पुढचे, थर्मास, बेकन रोल, आणि मी पोहे डब्यातून. पोह्यांमुळे ओळखी फार पटकन झाल्या, आता डबा मोठा न्यावा लागतो. यातल्याच एका डिगला तो दिवस आला. मधल्या नंबरचा सिग्नल, मी म्हटलं चला रिंग, ढेकूळ फोडलं आणि आत पिवळं. पिवळं म्हणजे पिवळंधमक, गोल, कडेला तिसऱ्या जॉर्जचं डोकं दिसतंय. सोन्याला माती चिकटत नाही, गंज चढत नाही, निघालं की तसंच निघतं असं सगळे सांगतात, आणि हे तसंच होतं. मागच्या बाजूला बदामासारखी ढाल, ती स्पेड गिनी म्हणतात ती, 1787 ते 1799 मधलं सोन्याचं नाणं. हात थरथरायला लागला. मी ओरडलो नाही, आजूबाजूला बघितलं, मग ओरडलो.

सगळे धावत आले. पंचाहत्तरीचा एक आजोबा आहे, फार कमी बोलतो, त्याने ते हातात घेतलं, हलकेच तळहातावर उडवलं, बाटलीतलं थोडं पाणी कडेवर ओतलं आणि मला म्हणाला, वाच. मी वाचलं. इन मेमरी ऑफ द गुड ओल्ड डेज. जुन्या चांगल्या दिवसांच्या आठवणीत. ते नाणं नव्हतंच, व्हिक्टोरिया राणीच्या काळात पत्ते खेळताना पैशांच्या ऐवजी वापरायची पितळी टोकन असायची, गिनीची नक्कल, त्यातलं एक. खरी गिनी सव्वाआठ ग्रॅमच्या वर भरते, म्हणून त्याने उडवून बघितलं होतं. सगळे हसले पण वाईट नाही हसले, आणि मग एकेकाने आपापली टोकनची गोष्ट सांगितली, कारण प्रत्येकाला एक सापडलेलं असतंच. एकाने तर त्यावरून गाडीतून जाता जाता बायकोला फोन करून किचन नवीन करायचं ठरवलं होतं. घरी येऊन मी बायकोला ते दाखवलं, तिने वाचलं आणि तिला एवढं हसू आलं की चहा उतू गेला.

खरं सांगू का, त्यानंतर काही आठवडे मी गेलोच नाही. कारण काढायला पाऊस होताच.

परत गेलो ते पोरीच्या मैत्रिणीच्या आजोबांच्या शेतात, पेरणीच्या आधी शेवटची संधी म्हणून, कारण एकदा गहू उगवला की पुढच्या कापणीपर्यंत बंद. एक बारीक सिग्नल, फॉइलच्या नंबरचा, एका बाजूने फिरवलं की येतो, दुसऱ्या बाजूने येत नाही. खरंतर सोडून देण्यासारखा. पण सकाळपासून काहीच नव्हतं म्हणून खणलं, चार बोटं खोल, आणि मातीत नखाएवढं काहीतरी करडं, पातळ, अर्धगोल. फॉइलच वाटली. अंगठ्याने दाबलं तर वाकलं नाही. थुंकी लावून पुसलं आणि त्यावर क्रॉसचे दुहेरी हात आणि प्रत्येक कोपऱ्यात तीन तीन ठिपके. तिसऱ्या हेन्रीचा चांदीचा पेनी, अर्धा कापलेला, 1247 ते 1279 मधला. तेव्हा सुटे पैसे म्हणून वेगळं अर्धं नाणं नव्हतं, पेनीच कात्रीने मधोमध कापायचे, क्रॉसच्या रेषेवरून, चार तुकडे केले की पाव पेनी. म्हणजे ज्या वेळी देवगिरीला यादव राज्य करत होते त्या वेळी या शेतात कोणाचे तरी सुटे पैसे पडले आणि तो बहुतेक दिवसभर शोधत बसला असणार. बाजारात दहा-पंधरा पौंडाला मिळतो असा तुकडा. दोनशेचं मशीन.

कायद्याने तो खजिना नाही, कारण एकटं नाणं सहसा धरत नाहीत. 1996 च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे तीनशे वर्षांहून जुनी, सोन्या-चांदीची निदान दोन नाणी एका ठिकाणची लागतात, नाहीतर जुनी वस्तू ज्यात दहा टक्के तरी सोनं-चांदी आहे, मग चौदा दिवसांत कॉरोनरला कळवायचं. 2023 पासून दोनशे वर्षांवरच्या काही खास महत्त्वाच्या वस्तू पण त्यात आल्यात. पण खजिना नसला तरी नोंद करता येते, ब्रिटिश म्युझियमची पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम आहे, प्रत्येक भागात त्यांचा अधिकारी असतो, त्याला नेऊन दाखवायचं. मी तो तुकडा, बटणं आणि एक बंदुकीची शिशाची गोळी घेऊन गेलो. तिथल्या अधिकारी बाईंनी अर्धा पेनी बघण्यापेक्षा जास्त वेळ मला हेच विचारलं की नक्की कुठे, मी फोनवरचं लोकेशन दाखवलं तेव्हा त्या खऱ्या खुश झाल्या. फोटो काढला, वजन केलं, नोंद झाली. त्यांच्या डेटाबेसमध्ये पंधरा लाखांहून जास्त वस्तू आहेत आणि त्यात एक अर्धी माझी.

दादाचं म्हणणं अजून तेच आहे, सुट्टीत येताना मशीन घेऊन ये, किल्ल्यावर फिरवू. त्याला सांगून दमलो की संरक्षित किल्ल्यावर खणलं तर सरळ आत जाशील, आणि आपल्याकडे 1878 चा इंग्रजांचा कायदा अजून आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तरी कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये! तो म्हणतो दहा रुपयांचं कोण बघतंय. शिवराई सापडली शेतात तर लोक देव्हाऱ्यात ठेवतात, कलेक्टरकडे कोण जातंय, हे त्याचं खरं आहे. पण मशीन मी नेणार नाही.

सध्या नवीन घोळ आहे. आजोबांनी दुसरं शेत देऊ केलंय, तिथे पूर्वी एक जुना वाडा होता म्हणे, त्यांच्या वडिलांना नांगरताना तिथे नाणी मिळायची. मी आनंदाने गेलो, मशीन चालू केलं आणि ते थांबेचना, पाऊल टाकेल तिथे टिंग टिंग घर्र टिंग. गेल्या काही वर्षांत त्या शेतात लोकांच्या बागेतल्या कचऱ्याचं खत टाकलंय, ग्रीन वेस्ट, त्यात दळलेले कॅन, बॅटऱ्या, चमचे, सगळं बारीक होऊन इंचाइंचावर. जुन्या खतातून बटणं आली, नव्या खतातून हे. क्लबमधले म्हणतात असलं शेत सोडून द्यायचं. पण वाडा तिथेच होता ना. छोटी कॉइल मागवलीय, ती दोन तुकड्यांच्या मधलं पकडते म्हणतात, आणि हातभर पट्टा आखून सगळं उचलत जायचं ठरवलंय, बादली घेऊन. बायको म्हणते घरातला कचरा कधी काढला नाहीस.

मिल्टन कीन्सच्या आसपासच्या कोणाला यायचं असेल तर सांगा, आजोबांना विचारून ठेवतो, दुसरं फावडं आहे माझ्याकडे. पिनपॉइंटर स्वतःचा आणा, माझा देणार नाही.